भाकरीवर चालणारं घड्याळ

"माझ्या अंगात काय उरलं न्हाय, आन ह्येला बघा, निस्ता जोर आलाय," आबा संयोगिताच्या कानाशी पुटपुटले.

कानाशीच, कारण त्या घडीला त्यांचे दोन्ही हात तिच्या गळ्यात होते आणि ती त्यांना एका हाताने उचलून दुसऱ्याने खालची चादर ओढत होती. चादर निघाली, तिच्या कंबरेतून कळ गेली. कुरकुर ऐकूच आली नाही असं तिने दाखवलं. कुरकुर घड्याळाबद्दल होती, आणि त्या घड्याळाच्या बाबतीत तिचं मन साफ नव्हतं.

आबा म्हणजे तिचे सासरे, गणपतराव. सगळी हयात उद्यमनगरात लेथवर गेली. निवृत्त झाले तेव्हा कारखान्यातल्या पोरांनी निरोपाला हे मनगटी घड्याळ दिलं. सेल नाही, चावी नाही, आणि मागच्या बाजूला काच. काचेतून आतलं सगळं दिसायचं, त्यामुळे आबा घड्याळ सुलटं कमी आणि उलटं जास्त बघायचे. शिवाजी पेठेत त्यांनी धरून दाखवलं नाही असा माणूस उरला नव्हता. "हा अर्धा चंद्र दिसतोय न्हवं? हात हलला की ह्यो फिरतो. ह्यो फिरला की आतली स्प्रिंग गुंडाळती. आपण हललो तर ते चालणार, पावणं. फुकट काय न्हाय."

आता आबा हलत नव्हते.

दिवाळीनंतर पोटात गाठ निघाली. डॉक्टरांनी तिच्या नवऱ्याला, अमरसिंहाला, बाहेर बोलावून सांगितलं, घरी न्या, मागतील ते खायला घाला. अमरसिंहाने आत येऊन आबांना सांगितलं, अशक्तपणा हाय निस्ता. तेव्हापासून सगळं घर त्या अशक्तपणाचा हात धरून चाललं होतं.

मग एका सकाळी आबा झोपेत असताना संयोगिताचं लक्ष गेलं. काटे थांबलेले. अमरसिंहाचा चेहराच उतरला. "त्यांना कळता कामा न्हाय, संयू. बंद घड्याळ बघितलं की ते काय समजायचं ते समजतील. कायतरी कर," म्हणाला आणि डबा घेऊन कामावर गेला. खोटं बोलायला घरात सगळ्यांना येतं. निभवायचं मात्र सुनेच्या वाट्याला येतं.

तिने घड्याळ हातात धरून हलवलं, हात भरून आला. भाकऱ्या राहिल्याच होत्या, म्हणून तसंच उजव्या मनगटात अडकवून परातीपुढे बसली. पहिल्या थापेला आतला चंद्र गर्रकन फिरला. चौथ्या भाकरीला काटा पळायला लागला.

तेव्हापासून हाच नेम. सकाळच्या गोळीने आबांचा डोळा लागला की घड्याळ तिच्या हातात, आणि जाग यायच्या आत परत त्यांच्या. भाकऱ्या जरा जास्तच व्हायला लागल्या. खाणारी तोंडं तीन, त्यातलं एक अर्धी भाकरीसुद्धा पुरी करेना. शेजारची म्हैस मात्र चांगली अंगाला लागली.

त्या दिवशी कळंब्याहून तानाबाई आल्या, आबांची धाकटी बहीण. बसायच्या आधीच म्हणाल्या, "दादा, दत्ताला नवस बोललीया मी. बरा झालास की तुला वाडीला चालत नेणार."

"चालत?"

"चालत!"

आबांनी मुलाकडे बघितलं. अमरसिंह पंख्याकडे बघत होता. "न जायला काय झालं?" तो म्हणाला. "घड्याळ बघा की, कसं चाललंय. हाताला ताकद आल्याबिगार चालंल व्हय?"

संयोगिता उतू जाणारं दूध बघायला म्हणून आत गेली. चुलीवर दूध नव्हतंच. ओट्याला टेकून ती नुसती उभी राहिली. भाकरी थापायला बसली तेव्हा ह्या थापांचा असा पुरावा होईल असं तिच्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

अमरसिंह आत्याला रिक्षात बसवून द्यायला गेला तसं आबांनी हाक मारली. "सूनबाई, भिंग दे."

कारखान्यातलं जुनं भिंग. त्यांनी घड्याळ उलटं करून तिच्यापुढे धरलं, तिने खालून आधार दिला. "बघितलंस कवा नीट?"

तिने मनगटात रोज घातलं होतं; बघितलं नव्हतं. बारीकसं सोनेरी चाक जात होतं, येत होतं, केसाएवढी स्प्रिंग मिटत होती, उमलत होती. झोपलेल्या तान्ह्या पोराची टाळू उडावी तसं.

"ह्ये दोन दात बघ. चाकाला अडवत्यात, सोडत्यात, पुन्ना अडवत्यात. न अडवता सोडलं तर सगळी ताकद भर्रकन निघून जाईल. आन ह्ये लाल खडे शोभेचे न्हाईत, झीज हू नये म्हणून बशिवल्यात. कडंला रेघा बघ, जिथं कुणाची नजर जायची न्हाय तिथंबी हात फिरवलाय बेट्यानं." बोलता बोलता त्यांना धाप लागली. मग त्यांनी पट्ट्याच्या सांध्यात नख घातलं. पांढरट काहीतरी निघालं. ते त्यांनी जिभेवर ठेवलं.

"जोंधळा."

संयोगिताने उजवं मनगट पदराखाली घेतलं.

"तुज्या भाकरीवर चाललंय व्हय गं ह्ये?"

तिला वाटलं होतं, हा क्षण आला तर आपण रडू. रडू आलं नाही. पाठ टेकायला मिळावी एवढंच वाटलं.

"अमरला इचारलं तर तो रडंल. तानी देवाचं नाव घेईल," आबा म्हणाले. "जलमभर लेथवर हुतो, पोरी. अंदाजानं काम केलं न्हाय कवा. तू खरं माप सांग."

दारात चपला वाजल्या. अमरसिंह परत आला होता. बापाच्या हातातलं भिंग बघून तो तिथेच थांबला. "संयू," तो दबक्या आवाजात म्हणाला, म्हणजे बोलू नकोस.

तिने मागे वळून बघितलं नाही. घड्याळ सुलटं केलं, आबांच्या मनगटात घातलं, आणि तो हात आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवला.

"आबा, तुमी ह्यातनं आता उठणार न्हाईसा."