डूख धरलेला चिठ्ठ्यांचा डबा

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा डबा आहे आणि मी एका माणसावर डूख धरला आहे. डूख साप धरतो असं तुम्ही ऐकलं असेल. सापाला कुठे एवढी आठवण! डूख धरावा तर डब्याने. आमच्या पोटात पडलेलं सहजासहजी बाहेर निघत नाही.

माझा जन्म कोल्हापुरातल्या एका बोळात, मीरासाबांच्या दुकानात झाला. मीरासाब पत्र्याची कामं करायचे. चाळणी, नरसाळं, धान्याची कोठी, जे मागाल ते. मूळचा मी शेंगतेलाचा डबा. मला कापून, ठोकून, सांधून त्यांनी नवा आकार दिला. अजूनही माझ्या आतल्या बाजूला शेंगांचं चित्र आहे, तेही उलटं. मला बनवायला सांगितलं होतं तानाबाईंनी, त्यांच्या भिशीच्या चिठ्ठ्यांसाठी. मीरासाबांनी माझ्या तोंडाची कड आत वळवून गोल घडी घातली आणि त्या घडीवरून स्वतःचं बोट फिरवून पाहिलं.

"एवढा वेळ का लावलासा मीरासाब?" तानाबाईंनी विचारलं.

"बायांचं हात आत जायचं हाईत वैनी. कापाय नगो कुणाला."

एवढ्या मायेने घडवलेल्या वस्तूला स्वभाव असतो, मित्रांनो. माझा स्वभाव तिथेच ठरला.

भिशीच्या काळात माझा फार मान होता. मला हळदीकुंकू लागायचं. माझं झाकण उघडताना बायका श्वास रोखून बसायच्या. पुढे त्या सगळ्या मोबाईलवरच सोडत काढू लागल्या आणि मी तानाबाईंची सून पूर्णिमा हिच्या दुकानात आलो. फॉल-पिकोचं दुकान. माझ्या पोटात हुक, बटणं आणि तुटक्या सुया आल्या. ज्याच्यातून नशीब निघायचं त्याच्यात हुक! पण मी तक्रार केली नाही. तेव्हा मला राग माहीत नव्हता.

मग 'गगनबावडा मुक्काम' नावाची मालिका आली. रात्री मुक्कामाला जाणाऱ्या एसटीची गोष्ट. दौलू ड्रायव्हर, फटकळ चंद्राक्का कंडक्टर आणि रोज गाडीत चढणारी नवी माणसं. सगळं कोल्हापूर ती बघायचं. आणि एक दिवस, गाडी घाटात धुक्यात अडकलेली असताना, मालिका बंद पडली. कायमची. गाडी तिथेच.

"आता त्या माणसांस्नी रातभर घाटातच ठेवायचं व्हय?" तानाबाई कडाडल्या. "आपुनच उतरवूया की खाली."

तिथून सुरुवात झाली. दर रविवारी दुपारी दुकानात मालिकेची वेडी मंडळी जमायची आणि दौलू-चंद्राक्काच्या नव्या गोष्टी स्वतः लिहून आणायची. मग ठरलं की वर्षातून एकदा गोष्टींचा आहेर करायचा. प्रत्येकाने चिठ्ठी लिहायची. गोष्टीत काय हवं, काय नको, आणि एक धागा, म्हणजे गोष्ट सुरू करून द्यायला एखादी ओळ. चिठ्ठी डब्यात टाकायची. ज्याला ज्याची चिठ्ठी येईल, त्याने त्याच्या आवडीची गोष्ट लिहून द्यायची. तानाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून त्यांनी एक नियम घातला होता: ज्याचा आहेर, म्हणजे ज्याला तो मिळाला, त्याने तो सगळ्यांपुढे मोठ्याने वाचून दाखवायचा.

डबा हवा म्हणून पूर्णिमाने हुक ओतून मला रिकामं केलं. तेवढ्यात एक मुलगी ओरडली, "अगं, ही घडी तर माझ्या नानांची हाय!"

ती इरम. मीरासाबांची नात. शाळेत चित्रकला शिकवते आणि मालिकेत दिसलेला प्रत्येक थांबा तिला पाठ आहे. त्या संध्याकाळी ती मला घरी घेऊन गेली. मीरासाबांची नजर तेव्हा गेली होती. त्यांनी माझ्या तोंडावरून बोट फिरवलं आणि हसले. "माझाच हाय. अजून कापत न्हाय बघ."

त्या हसण्यासाठी मी पुन्हा हुक पोटात घ्यायला तयार होतो.

पावसाळ्यात मीरासाब आजारी पडले. सरकारी दवाखान्यात नेलं, ते परत आले नाहीत. पुढच्या सोडतीला इरमने चिठ्ठी टाकली. तिच्यात 'हवं' खाली धुकं, भजी, चंद्राक्काचं भांडण असं काय काय होतं. 'नको' खाली एकच ओळ होती: म्हातारं माणूस दवाखान्यात गेलेलं नको.

ती चिठ्ठी निघाली अमरसिंहकाकांच्या हाताला.

मित्रांनो, हाच तो माणूस. साखर कारखान्याच्या ऑफिसातून निवृत्त झालेला. स्वतःला साहित्यिक म्हणवून घ्यायचा. पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं. बोलायला लागला की बोळाच्या टोकापर्यंत ऐकू यायचं. वाचनाच्या रविवारी त्याने इरमच्या हातात जाड कागदांचा गठ्ठा ठेवला. ती आनंदाने उभी राहिली आणि वाचू लागली. दुसऱ्या पानावर म्हाताऱ्या झालेल्या दौलूला दवाखान्यात आणलं. नळ्या, सलाईन, बाहेर बाकावर बसलेली नात, आतून येणारी नर्स, सगळं होतं. इरमचा आवाज बारीक झाला. मग थांबला.

"आण हिकडं, मी दावतो कसं वाचायचं ते," म्हणून काकाने कागद तिच्या हातून काढून घेतले आणि दौलूला मारूनच खाली बसला. रडत-रडत वाचलं त्याने. लोकांनी टाळ्या वाजवल्या. इरमचं 'नको' त्यांना कुठे माहीत होतं! मला माहीत होतं. पण डब्याला तोंड असलं तरी बोलता येत नाही.

इरम चपला घालून निघून गेली.

एवढ्यावर भागलं नाही. काकाने त्याच दिवशी दौलू-चंद्राक्काचा मोठा फोटो करून आणला होता. भिंतीला खिळा मारायला हातोडी सापडेना.

"हातोडी कशाला पायजे? ह्यो डबा हाय की," म्हणाला आणि मला उचलून माझ्या कडेने खिळा ठोकला. मीरासाबांनी बोट फिरवून पाहिलेली घडी एका बाजूने उचकटली. तिथे फट पडली.

तेव्हा मी डूख धरला.

वर्षभर इरम आली नाही. लिहिणंही तिने सोडलं. पूर्णिमा सांगायची, पोरीने मालिकेचे जुने भागसुद्धा मोबाईलमधून काढून टाकले. पुन्हा सोडतीचा रविवार आला तेव्हा पूर्णिमा मला काखेत मारून थेट तिच्या दारात गेली.

"मी न्हाई येणार वैनी."

"नको येऊस. पर तुझ्या नानाच्या डब्याला तूच येऊन सांग, सोडत बंद म्हणून. मी न्हाई सांगणार."

इरम आली. दाराजवळ, सगळ्यांच्या मागे बसली. काकाने तिच्याकडे बघून हात केला. जसं काही घडलंच नव्हतं! मग त्याने आपली चिठ्ठी टाकली. सगळ्यांच्या चिठ्ठ्या वहीच्या कागदाच्या. त्याची मात्र लग्नपत्रिकेच्या जाड पुठ्ठ्याची, साहित्यिकाला शोभेल अशी. पूर्णिमाने मला हलवलं आणि तो पुठ्ठा त्यानेच पाडलेल्या फटीत जाऊन बसला. मी तो घट्ट धरला. एकेक हात आत आला, तळ चाचपून कागद घेऊन गेला. मी सोडला नाही. शेवटी इरमचा हात आला. त्याच्या बोटांची ठेवण मला ओळखीची होती. मी पुठ्ठा सोडला.

तिने दाराबाहेर जाऊन चिठ्ठी वाचली. मंडळी पांगल्यावर पूर्णिमाला दाखवली.

हवं: धक्का देणारा शेवट, काळजाचं पाणी करणारी गोष्ट. धागा: मुक्कामाच्या गाडीत एकच प्रवासी उरतो. नको: दौलूचा मुलगा.

पूर्णिमाने डोळे मोठे केले. मालिकेत दौलूचा मुलगा बापाशी भांडून निघून गेलेला होता. आणि काकाचा राजवर्धनही तसाच गेलेला, बंगळूरला. ना फोन, ना सणाला येणं. काकाच्या दारात हा विषय कुणी काढत नसे.

"दिली की गं देवानं सुरी तुझ्या हातात," पूर्णिमा म्हणाली. देवाने नव्हे, डब्याने दिली होती. असो. "आता हाण! घाल त्या पोराला पयल्या पानावर!"

"घालते," इरम म्हणाली.

आतून तानाबाईंचा आवाज आला. "इरम, लिवशील ते लिव. पर माज्या कानाला लागंल असं लिव."

वर्षभराने इरम पुन्हा लिहू लागली. रोज शाळा सुटल्यावर दुकानात येऊन, माझ्या शेजारी बसून. पहिल्याच पानावर एक तरुण गाडीत चढला, मांडीवर पिशवी, खालमानेने. मी वाचलं आणि माझा पत्रा गार झाला. ये बाबा, ये, म्हटलं मी. बापाला ओळख देऊ नकोस. त्याच्या तोंडावर तिकीट फेक. मित्रांनो, सूड वाईट असतो असं पुस्तकात लिहिलेलं असतं. पण त्याची वाट बघण्यात फार मजा असते, हे कुणी लिहीत नाही. पुढची पानं मात्र तिने घरी नेली. शेवट मला दिसला नाही.

वाचनाच्या दिवशी दुकान भरलं. काका उभा राहिला, चष्मा पुसला, घसा खाकरला आणि इरमकडून गठ्ठा घेतला.

"बघूया, आमच्या पोरीनं काय आहेर आणलाय!"

गाडी, धुकं, चंद्राक्काची टोमणेबाजी. लोक हसले, काकाही हसला. मग रिकाम्या गाडीत एकच प्रवासी उरला. तरुण. काकाचा आवाज जरा खाली आला. चंद्राक्काने विचारलं, कुठलं तिकीट देऊ? तरुण म्हणाला, माझा बाप ह्याच रस्त्याला गाडी चालवायचा, त्याच्या गावचं द्या.

काका थांबला. त्याने पान उलटून पुढे काय आहे ते बघायचा प्रयत्न केला, मग गठ्ठा इरमपुढे धरला.

"चष्मा लागंना झालाय. तूच वाच."

"ज्याचा आहेर त्यानं दावायचा, काका."

"आगं, पर..."

"गेल्या खेपेला मी म्हटलेलं का, माझ्या हातनं घ्या म्हणून?"

काका पुन्हा वाचू लागला. तरुण आरशातून दौलूकडे बघतो. दौलू आरशातून त्याच्याकडे बघतो. वर्षं किती झाली, चेहरा किती बदलला, कळत नाही. दौलू गिअर टाकायला विसरतो आणि काका पान उलटायला विसरला. एकेक थांबा मागे पडत होता. प्रत्येक थांब्यावर तरुण काहीतरी बोलेल असं वाटायचं आणि तो बोलायचा नाही. एकदा तर काकाच्या तोंडून ओळीत नसलेला शब्द निघाला. "राजू," म्हणाला तो. सगळ्यांनी ऐकला. कुणी ऐकल्याचं दाखवलं नाही.

शेवटच्या पानावर गाडी थांबली. तरुण उतरून ड्रायव्हरच्या खिडकीपाशी आला. दौलूने काच खाली केली. तरुण म्हणाला, नमस्कार मामा, माझं नाव कृष्णात. माझा बाप दुधाचा टँकर चालवायचा. गाडी छान चालवता तुम्ही. आणि तो धुक्यात निघून गेला. दौलूने गाडी पुढे काढली. तिच्यातून त्याचं असं कुणीच आलं नव्हतं.

काकाने कागद खाली घेतले.

"त्यो न्हवताच तर," तो म्हणाला. एवढ्या हळू बोललेलं मी त्याला कधी ऐकलं नव्हतं.

"न्हवता," इरम म्हणाली. "तुमचं 'नको' मी वाचलं होतं काका. शेवटपत्तर पाळलं. तुम्ही माझं वाचलं होतं का?"

मला वाटलं, तो म्हणेल, ध्यानात आलं नाही. चूक झाली. म्हातारपण. पण काकाने खोटं बोलायचं टाळलं, एवढं मी त्याच्या खात्यावर लिहितो.

"वाचलंतं की. वाटलं, त्येच घातल्याबिगर गोष्टीला जोर न्हाय येत. तुझं दुखनं माझ्या गोष्टीला उपेगी पडलं."

"मुडदा बशिवला तुझ्या गोष्टीचा!" तानाबाई आतून म्हणाल्या.

इरमने पिशवीतून जुना जाड गठ्ठा काढला. गेल्या वर्षीचा आहेर. दौलूचं मरण. तो तिने दोन्ही हातांनी, देवाला द्यावा तसा, काकाच्या मांडीवर ठेवला.

"साभार परत," ती म्हणाली.

मित्रांनो, मासिकवाले न आवडलेली गोष्ट लेखकाला पाठवताना हेच दोन शब्द लिहितात. काकाला ते टपालाने अनेकदा आले असतील. तोंडावर कुणी म्हटले नव्हते. आणि आहेर परत करणं म्हणजे काय, हे आपल्याकडे लहान मुलालाही कळतं.

पूर्णिमाने चहा टाकला. काका कप तसाच धरून बसून राहिला. सगळ्यांना त्याची कीव आली. पूर्णिमालासुद्धा, जिने सुरी सुरी केलं होतं. इरमने त्याच्या पुढ्यात बिस्किटं सरकवली. मला कीव आली नाही. मी पत्रा आहे. मला गंज येतो, कीव येत नाही.

पण इरम त्या दिवशी शेवटपर्यंत थांबली आणि जाताना पूर्णिमाला म्हणाली, "वैनी, चंद्राक्काची एक गोष्ट सुचालीया. रविवारी आणू?"

तेव्हा माझं झाकण कुणी न लावताच बसलं.

म्हणून सांगतो, मित्रांनो. कुणी तुम्हाला मनातलं 'हवं' सांगितलं तर जमेल तेवढं द्या. नाही जमलं तरी चालतं, लोक रागावत नाहीत. पण कुणी 'नको' सांगितलं, तर ते घरातल्या तान्ह्या पोरासारखं सांभाळा. त्याच्यामागे एखादा बाक असतो, एखादी खाट असते, कुणाचा तरी न आलेला फोन असतो. ते उचलून स्वतःच्या भिंतीत खिळे ठोकू नका. माणसं विसरतील, माफही करतील. माणसांचं तसंच असतं. पण तिथे कुठेतरी कोपऱ्यात एखादा डबा बसलेला असतो, आणि त्याला वेळच वेळ असतो.