पाटातल्या बाटल्या

कपडे धुण्याच्या खोलीतून ‘फट्’ असा आवाज आला आणि मारिएलने आधी श्वास रोखला, मग लेकीकडे पाहिलं. रेनाता हलली नाही. नवराही हलला नाही, पण लेआंद्रो डोंगर कोसळला तरी हलत नाही.

खोलीत फरशीवर काचा आणि फेस. एक बाटली फुटली होती.

मारिएल खोऱ्यातल्या मोठ्या वाइनरीत प्रयोगशाळेत होती. बाटलीत साखर-यीस्ट किती घालायचं, म्हणजे फेस धरतो पण काच टिकते, हे ती नव्या पोरांना बोट नाचवून शिकवायची. घरच्या वाइनला मात्र मायेचा हात जरा सैल पडला होता. त्यात रात्रीपासून उकाडा. आणि आज सासूबाईंचा वाढदिवस. “ब्रिंदिस, शुभेच्छांचा पहिला प्याला, माझ्याच वाइनने करायचा,” असं तिने महिनाभर साऱ्या गोतावळ्याला ऐकवलेलं. घरात तिचं स्वतःचं म्हणावं असं एवढंच होतं; ते आज चारचौघांत उघडायचं होतं.

तिने वाइनरीतला जाळीचा मुखवटा चढवला आणि उरलेल्या बाटल्या घरामागच्या पाटात नेऊन ठेवल्या. अँडीजच्या बर्फाचं पाणी, हात कळ मारतील असं गार. गारठ्यात बाटली शांत बसते. स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन ती घरात आली, तर रेनाता किरकिरत उठलेली. पोरीला थोपटायला म्हणून मारिएल आडवी झाली आणि पोरीच्या आधी स्वतःच झोपली.

जाग आली ती सासूबाईंच्या, दोन्या ओविदियांच्या, आवाजाने. “अगं मुली, पाहुण्यांना दार मीच उघडायचं का?” द्राक्षांच्या मांडवाखाली निखारे फुललेले, मांस चढलेलं, आणि दोन्या ओविदियांच्या काखेत विकतच्या सिडारच्या, सफरचंदाच्या वाइनच्या, बाटल्या. “असू दे आपली. तुझ्यावर विश्वास आहेच, पण तहानेचा काय भरवसा?”

तेवढ्यात मागून ‘फट्’. मग आणखी एक.

मारिएल धावली. पाट कोरडा ठणठणीत. पाण्याची पाळी शेजारच्या आल्दोकडे गेली होती. या खोऱ्यात पोरं चालायच्या आधी पाळी शिकतात. आणि ही, इथलीच जन्मलेली, शिकलेली, पाळीच विसरली! बाटल्या उन्हात तापलेल्या दगडांवर लोळत होत्या.

“आल्दोला म्हणू का, तासभर पाणी सोड?” लेआंद्रोने विचारलं.

“पाण्यासाठी सख्ख्या भावाशी अबोला धरलाय त्याने. तुझ्या बायकोच्या अब्रूसाठी सोडेल होय? बर्फाची बादली आण!” मारिएल म्हणाली.

मुखवटा, त्यावर लेआंद्रोचं मोटरसायकलचं हेल्मेट, अंगाला गोधडी: असा अवतार करून ती पाटात उतरली. वरून दीर ओरडला, “वहिनी, चंद्रावर पोचलात की कळवा!”

बाकीच्या फुटल्या होत्या; शाबूत अशी एकच बाटली हाती लागली. ती बर्फात बुडवून मारिएलने टेबलाशी आणली. झाकण काढताच गाळ मांडवापर्यंत उडाला, अर्धी वाइन मांसावर, थोडी दिराच्या शर्टावर. उरली ती प्रत्येकाला जेमतेम घोटभर.

मारिएलने घोट घेतला. ताज्या पावाचा वास, मग सफरचंदासारखी आंबट धार, मग जिभेवर बारीक बुडबुडे. चांगली होती. फार चांगली होती. तिला रडू यायला लागलं, म्हणून ती हसली.

दोन्या ओविदियांनी ग्लास तळापर्यंत रिकामा केला. सिडार टेबलाखाली सरकवली. “आण की आणखी.”

“संपली.”

“एवढीच? मग पुन्हा कर. तुला वेळ कधी मिळतो गं हे करायला?”

“ही झोपली की,” मारिएल म्हणाली आणि रेनाताच्या केसांतून हात फिरवला.

रेनाताने रिकाम्या बाटलीत डोकावून पाहिलं, मग वर आईकडे.

“आई, मी जागी असले की तू हे का नाही करत?”