तळमजल्याची खोली

तार आली तेव्हा विजया हटवार सामानाला बांधायच्या पुठ्ठ्यांवर प्रवाशांची नावं लिहीत होती. बत्तीस माणसं, संध्याकाळी पाचला दुर्गहून गाडी, पुरीला आठ दिवस मुक्काम. दुर्गजवळच्या पॉवर हाऊस या बाजारपेठेत तिनं आणि नवऱ्यानं मिळून उघडलेल्या यात्रा कंपनीचा हा तिसरा हिवाळा. तारेत हॉटेलवाल्यानं एवढंच कळवलं होतं, की तळमजल्याचं काम काढलंय, सगळ्या खोल्या वरच्या मजल्यावर दिल्यात.

एकतीस माणसांना वरची खोली म्हणजे उलट चैनच होती. बत्तिसावा माणूस तेजराम कापगते होता.

तेजराम मूळचा साकोलीकडचा, राहायला खुर्सीपारला. चार वर्षांपूर्वी उतईच्या रस्त्यावर त्याच्या स्कूटरला ट्रकनं उडवलं आणि कमरेखालचं अंग निकामी झालं. नोकरी सुटली, पण माणूस खाटेवर पडून राहिला नाही. चाकाच्या खुर्चीत बसून घरीच पंख्यांच्या अन् मोटारींच्या वाइंडिंगची, तांब्याची तार भरून द्यायची कामं करू लागला. ऑक्टोबरात बायकोला, रंभाला घेऊन तो ऑफिसात आला तेव्हा त्यानं एकच अट घातली होती.

"गाडीत चढवाले कुली लागनच, ते मले मंजूर हाय. पण राहाच्या जागी मले माह्या मनानं आतबाहेर जाता आलं पाह्यजे. मांगं एका पार्टीसंग अमरकंटकले गेलो होतो. तीन दिवस वरच्या खोलीत पडून राह्यलो. संडासले जाचं तरी दोन माणसं शोधा लागे. पाणी प्याचंच सोडलं होतं मी."

"तळमजल्याचीच खोली भेटन, तेजरामभाऊ. माझा शब्द," विजया म्हणाली होती.

आता तिनं तार नवऱ्यापुढे टाकली. देवानंदनं ती वाचली, घडी घातली आणि खिशात ठेवली.

"सांगू नको त्याले. तिथं गेल्यावर पाहू. दोन माणसं लावून देऊ उचलाले."

"त्यानं तेच नको म्हटलं होतं."

"मंग काय बत्तीस जणांची यात्रा बंद करतं? चूक हॉटेलवाल्याची हाय. आपण तर लिहिलं होतं त्याले."

लिहिलं होतं खरं. विजयानं फायलीतून पत्राची कार्बन प्रत काढली. स्वतःचं अक्षर वाचताना तिचे कान तापले. 'शक्य झाल्यास एक खोली तळमजल्यावर द्यावी.' बस. खुर्चीचं नाव नाही, तेजरामच्या पायांचं नाव नाही. का नाही, ते तिला पक्कं ठाऊक होतं. खुर्चीचा पाहुणा म्हटलं की हॉटेलवाले मागे सरतात, मग ऐन हंगामात दुसरी जागा कुठं शोधायची? तोंडानं शब्द दिला आणि कागदावर 'शक्य झाल्यास' लिहिलं.

तिनं शेजारच्या बाबुलालच्या कापडदुकानात जाऊन पुरीचा अर्जंट ट्रंक कॉल लावला. दासबाबू म्हणून एकाचं बैठं लॉज होतं, समुद्रापासून जरा आत. मागच्या वर्षी तिथं दोन कुटुंबं उतरली होती, त्यामुळे नंबर वहीत होता. कॉल कधी लागेल याचा नेम नव्हता. तिनं पत्राची कार्बन घेतली आणि रिक्षा करून खुर्सीपार गाठलं.

दारात वळकटी बांधून तयार होती. नवी साडी नेसलेली रंभा फराळाच्या डब्याला फडकं गुंडाळत होती. विजया उभ्याउभ्याच बोलली. बसली असती तर धीर सुटला असता.

"खालची खोली नाही भेटली. अन् त्यात माझीबी चूक हाय."

तिनं कार्बन पुढे केली. तेजरामनं ती दोनदा वाचली.

"खुर्चीचं कावून नाही लिहिलं?"

"तो नाही म्हणन, असं वाटलं."

"म्हणजे त्याच्यापासूनबी लपवलं अन् माह्यापासूनबी." तो आवाज न चढवता बोलला, म्हणून ते जास्तच लागलं.

रंभानं डबा खाली आदळला. "दोन मयने झाले, हा माणूस रोज पुरी-पुरी करून राह्यला! आता सांगता? निघाच्या दिवशी?"

 दुसऱ्या लॉजला कॉल लावलाय, एवढं विजयानं सांगितलं.

"तिथं काय विचारसान?" तेजराम म्हणाला.

"खालची खोली हाय का."

"अन् पायऱ्या किती? संडासाचं दार केवढं? माही खुर्ची केवढी, हे तरी ठाऊक हाय का तुमाले?" त्यानं हत्यारांच्या पिशवीतून टेप काढला आणि चाकांच्या बाहेरच्या कडांवर धरला. "पंचवीस इंच. चला, मी येतो तुमच्यासंग."

रंभानं खुर्ची ढकलत दुकानापर्यंत आणली. बाबुलालनं गल्ल्यापुढची बाकडी सरकवून वाट केली. साडेअकरा वाजले, बारा वाजले. गिऱ्हाइकं लुगडी पाहत होती आणि मधूनच या तिघांकडे पाहत होती. देवानंद दोनदा येऊन दारातूनच घड्याळ दाखवून गेला. पार्टीतली माणसं ऑफिसात जमायला लागली होती. 

एकला दहा मिनिटं कमी असताना घंटी वाजली. दासबाबूचा आवाज विहिरीतून आल्यासारखा येत होता. विजया ओरडून हिंदीत बोलू लागली आणि यावेळी तिनं काही लपवलं नाही. चाकाची खुर्ची आहे, माणूस चालू शकत नाही, खोली आहे का? खोली होती. फाटकापासून व्हरांड्यापर्यंत पायऱ्या? एकही नाही, उतार आहे.

"संडासाचं दार," तेजराम म्हणाला.

दासबाबू मोजायला गेला. फोनमध्ये नुसती खरखर. बाबुलालच्या भिंतीवरच्या घड्याळाचा काटा सरकत होता आणि रंभा पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत होती. तो परत आला.

"चोवीस इंच म्हणतात," विजया हळूच म्हणाली.

रंभानं डोळे मिटले. तेजराम मात्र पुढे वाकला. "चौखट मापली का दार उघडून मापलं? विचारा."

दार उघडून मापलं होतं. दाराचा पल्ला उघडल्यावरही चौखटीच्या आतच राहून तेवढी जागा खात होता.

"दीड इंच पल्ल्याचा असन. काढाले सांगा बिजागरीतून. पडदा चालन मले."

"तीन मिनट हो गए," ऑपरेटर मध्येच बोलली. विजया ओरडली, "बढ़ा दीजिए, बढ़ा दीजिए!" आणि दासबाबूला दाराचं सांगू लागली. पलीकडून "दरवाजा? काहे को निकालेगा?" एवढं ऐकू आलं आणि लाइन तुटली.

पुन्हा कॉल लावून तो पाचच्या आत लागणं शक्य नव्हतं. विजयानं रिसीव्हर ठेवला आणि तेजरामसमोर बाकड्यावर बसली.

"त्यानं हो म्हटलं नाही. मी खोटं नाही सांगत. तुमी आज थांबा. मी जाते, डोळ्यानं पाहते, तिथून तार करते. पुढच्या हप्त्यात मीच येऊन तुमाले घेऊन जाईन."

तेजरामनं टेप गुंडाळून मांडीवर ठेवला. मग म्हणाला, "तुमी न सांगता नेलं असतं, तर तिथं पोचल्यावर मी तुमचं तोंडबी पाह्यलं नसतं. आता काय ठरलं अन् काय नाही, ते मले ठाऊक हाय. स्क्रू काढाचा पेचकस माह्या पिशवीत हाय. त्यानं नाही काढला पल्ला, तर मी काढीन. जाऊ."

"पण तुमी आमच्यासंगच राहसान," रंभा विजयाला म्हणाली. "त्या मोठ्या हाटेलात नाही."

"तुमच्यासंगच."

देवानंदनं कपाळावर हात मारला, पण तीस जणांना सांभाळायचं त्यानं एकट्यानं कबूल केलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सायकलरिक्षा लॉजच्या फाटकात थांबली. दासबाबूनं अर्धवट ऐकूनही खोलीतल्या संडासाचा पल्ला काढून भिंतीला टेकवून ठेवला होता आणि चौखटीला सुतळीवर हिरवी चादर टांगली होती. रंभानं हात जोडले. पण खोलीच्या दारात चार इंचांचा दगडी उंबरा होता. त्याचं कोणी विचारलंच नव्हतं, ना विजयानं, ना तेजरामनं.

तेजराम उंबऱ्याकडे पाहत राहिला. "उचलू का?" दासबाबूनं विचारलं आणि तेजरामचा चेहरा दगडासारखा झाला.

"थांबा," विजया म्हणाली आणि तडक बाहेर पडली. तेजराम व्हरांड्यात उन्हात बसून राहिला. तासाभरानं ती आली ती डोक्यावर फळी घेऊन, घामानं निथळत. होड्या दुरुस्त करणाऱ्या एका सुतारानं फळी एका बाजूनं तासून दिली होती. पहिल्यांदा खुर्ची घसरून मागे आली. रंभा धरायला धावली तसा तो ओरडला, "हात नको लावू!" दुसऱ्यांदा त्यानं दात आवळून चाकं रेटली आणि आत गेला. तसाच पुढे, हिरव्या चादरीमागे. थोड्या वेळानं आतून तांब्यानं पाणी ओतल्याचा आवाज आला. रंभा भिंतीला टेकून खाली बसली आणि तोंडाला पदर लावून रडली.

तिसऱ्या दिवशी उजाडता उजाडता रंभानं विजयाच्या दारावर थापा मारल्या. खोलीत खुर्चीही नव्हती आणि नवराही. दोघी केस न विंचरताच रस्त्यावर धावल्या. कोपऱ्यावरच्या टपरीपाशी तेजराम हातात चहाचा ग्लास घेऊन बसला होता आणि कोण्या पंखे दुरुस्त करणाऱ्याशी तांब्याच्या तारेवरून मोडक्यातोडक्या हिंदीत वाद घालत होता. या दोघींना पाहून तो चिडलाच.

"काय झालं? झोपा ना! चहा प्याले आलो."