जाळी स्पष्ट, चेहरा धूसर

आधी ते दार लोटून घ्या आणि जरा जवळ या. मी एक लेन्स आहे, कॅमेऱ्याच्या तोंडाला लावतात ती. जे सांगणार आहे ते काकांच्या कानावर जाता कामा नये, म्हणून हळू बोलतेय.

माझा स्वभाव मुळातच संशयी. डोळे उघडले तेव्हा समोर पहिला माणूस दिसला तो कारखान्यातला तपासनीस. माझ्यात कुठे ओरखडा सापडतोय, कुठे धुळीचा कण अडकलाय, एवढंच तो शोधत होता. जन्मल्याबरोबर जिच्याकडे असं बघितलं जातं, तिने जगावर भरवसा ठेवायचा तरी कसा?

माझा पहिला मालक लग्नांचे फोटो काढायचा. त्याने मला भरपूर राबवून घेतलं आणि विकताना सांगितलं, "कपाटातच पडून होती हो!" धडधडीत खोटं. पण घेणारे काका कच्च्या गुरूचे चेले नव्हते. त्यांनी मला खिडकीशी नेलं, मागून बॅटरी मारून आत बुरशी आहे का बघितलं, कानाशी धरून हलवलं. मग त्या माणसाकडे असं काही पाहिलं, की तो खाली बघायला लागला. मला काका तेव्हाच आवडले.

काका एका वर्तमानपत्राच्या क्रीडा पानासाठी फोटो काढतात. बॅडमिंटन ही त्यांची खासियत. त्या बंदिस्त हॉलमधला उजेड म्हणजे नावालाच. फ्लॅश मारायची सोय नाही, खेळाडूंचे डोळे दिपतात. शटलचं फूल तर असं सुसाट सुटतं, की कॅमेऱ्याची झडप क्षणभर जास्त उघडी राहिली तरी फोटोत नुसता फराटा उमटतो. झडप पटकन मिटायची, तर उजेड आत येणार कधी? म्हणून मी. माझं तोंड इतर लेन्सांपेक्षा मोठं, मिळेल तेवढा उजेड मी गिळून घेते.

पण एवढं तोंड उघडलं, की स्पष्टतेचा थर पार पातळ होतो. खेळाडूचा डोळा नीट आला तर कान धूसर. फोकस कॅमेराच करतो, पण कशावर करायचा ते माणसाने सांगायचं असतं. कॅमेऱ्याला डोळा लावून बघायच्या खिडकीत एक छोटा चौकोन दिसतो, तो खेळाडूच्या चेहऱ्यावर ठेवावा लागतो. चुकून जाळीवर गेला, तर जाळीचा दोरा न् दोरा मोजून घ्या, मागचा माणूस मात्र धुक्यात.

आणि काही महिन्यांपूर्वी नेमकं तेच व्हायला लागलं.

घरी फोटो निवडून पाठवायचं काम काकूंचं. त्या कॉम्प्युटरवर फोटो मोठा करायच्या, मान वाकडी करून बघायच्या आणि पुढच्या फोटोकडे वळायच्या. एक दिवस क्रीडा संपादकाचा फोन आला. काकूंनी तो स्पीकरवर टाकला.

"काका, जाळीचे फोटो झकास येतायत हं तुमचे. पण जाळी काही मॅच जिंकत नाही ना? फायनललाही असंच झालं, तर मला दुसरा माणूस बघावा लागेल."

कोर्टाच्या कोपऱ्यात, रेषेच्या मागे, काकांचं बुटकं स्टूल असतं. वर्षानुवर्षं त्यावर दुसरं कुणी बसलेलं नाही. त्या रात्री काका जेवले नाहीत. "लेन्स बाद झाली," एवढंच म्हणाले.

म्हणजे खापर माझ्यावर! माझ्या अंगाची लाही लाही झाली. मला तर कॅमेऱ्याचा संशय होता. आमचं लग्न जमवून दिलेलं, त्याच्या पोटात काय चालतं ते मला आजही ठाऊक नाही. काकांनी मला दुरुस्तीवाल्याकडे नेलं. त्याने भिंतीवर छापील कागद चिकटवला, तिकाटण्यावर कॅमेरा ठेवून फोटो काढले, ते मोठे करून दाखवले.

"अक्षर न् अक्षर लागतंय, काका. लेन्सला काही झालेलं नाही, कॅमेऱ्यालाही नाही."

"मग माझे फोटो खोटं बोलतायत?"

तो नुसता खांदे उडवून हसला. बाहेर येताच काका पुटपुटले, "चोर आहे लेकाचा. नीट उघडून बघितलंसुद्धा नाही." मी मनात म्हटलं, काका, या बाबतीत आपलं पटलं. तो हसला तेव्हाच मला काळंबेरं वाटलं होतं.

मग माझा संशय काकूंवर गेला, आणि तो उगाच नव्हता. काका आंघोळीला गेले, की त्या बॅग उघडायच्या. बघायच्या खिडकीशेजारी एक बारीक चाक असतं. चष्म्याचा नंबर असलेल्याला चष्म्याशिवाय नीट दिसावं म्हणून ते फिरवतात. काकू त्या चाकाकडे निरखून बघायच्या. एकदा तर त्यांनी नेलपॉलिशची बाटली आणली, श्वास रोखला आणि चाकावर सुईच्या टोकाएवढा लाल ठिपका दिला. मला धडकीच भरली. खूण केली म्हणजे विकायचा बेत असणार! नाहीतर यांना काकांनी घरी बसायला हवंय, म्हणून चाक बिघडवतायत. कुणाच्या घरात काय शिजतं, काय सांगावं?

फायनलच्या आदल्या दिवशी काका बॅग भरत होते. काकू समोर येऊन उभ्या राहिल्या.

"अहो, हे चाक कोण फिरवतं?"

"कुठलं चाक?"

"सोंग घेऊ नका. मी ठिपका लावला होता. वर होता, तो पार खाली गेलाय. आता पुढे फिरायला जागाच नाही उरली."

काकांनी मला टेबलावर ठेवलं. माझं तोंड त्यांच्याकडे होतं, म्हणून सगळं दिसलं. त्यांचा चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला होता.

"म्हणजे तू माझ्यावर पाळत ठेवलीस?"

"ठेवली! लेन्सला दोष देऊन झाला, कॅमेऱ्याची तपासणी झाली, त्या बिचाऱ्या दुरुस्तीवाल्याला चोर ठरवून झालं. उरलं कोण?"

काका खुर्चीत बसत म्हणाले, "दिव्यांभोवती कडी दिसतात गं. जाळीपलीकडचा माणूस म्हणजे पांढरा ढग. बुटांचा आवाज आला, की अंदाजाने बटण दाबतो."

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं की स्टूल गेलं. एकदा दुसरा बसला, की मला कोण उठून जागा देतंय?"

काकूंचे डोळे भरून आले, पण त्या विरघळल्या नाहीत. त्यांनी फोन पुढे केला. काकांनी तो हातात घेतला, ठेवला, पुन्हा घेतला.

"फायनलला दुसऱ्याला पाठवा," ते संपादकाला म्हणाले. "मला दिसत नाहीये."

"काका, आधी बोलला असतात तर मी जाळीवरून टोचलं नसतं हो," संपादक म्हणाला. स्टूल मात्र दुसऱ्याला गेलं. फायनलचा फोटो छापून आला तेव्हा काकांनी पान नाकाशी धरून बघितलं. "चेहरा स्पष्ट आलाय," म्हणाले आणि पान घडी करून ठेवलं. मला त्यांच्यासाठी फार वाईट वाटलं.

उजव्या डोळ्यात मोतीबिंदू होता. डॉक्टरांनी तो काढला आणि आत नवी लेन्स बसवली. हो, लेन्स! माझी सवतच म्हणा. मी कॅमेऱ्याच्या तोंडावर, आणि ती बया थेट डोळ्याच्या आत. आधी मी तिच्याकडेही संशयानेच बघितलं. पण सरावाच्या मॅचला काकांनी एका मुलीची उडी टिपली, घरी काकूंनी फोटो मोठा केला, आणि तिच्या पापणीचा केस न् केस स्पष्ट आला होता. काकू खुदकन हसल्या. तो फोटो संपादकाकडे गेला आणि पुढच्या स्पर्धेचं स्टूल परत काकांना मिळालं. म्हटलं, असू दे बाई, तू आत आणि मी बाहेर.

इथेच संपवलं असतं. पण माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे.

परवा काकूंनी विचारलं, "डावा कसा आहे?" काका म्हणाले, "डावा? फर्स्ट क्लास!" फार पटकन म्हणाले. हॉलमध्ये मी त्यांच्या मांडीवर असते, तोंड वर करून, तेव्हा मला सगळं दिसतं. गुणफलकावरचे आकडे वाचताना ते डावा डोळा मिटून घेतात. काल संध्याकाळी घरी येताना डावीकडून आलेली स्कूटर त्यांना दिसली नाही. ती कचकन ब्रेक दाबत हातभर अंतरावर थांबली, आणि घरी सांगताना काका म्हणाले, "रस्त्यात गर्दी होती जरा."

तुमच्याशी कुजबुजते तेवढंच, काकूंसमोर मला वाचा नाही. मला फक्त दिसतं. तुम्हाला बोलता येतं. काकू आता स्वयंपाकघरात आहेत आणि काका आंघोळीला गेलेत. जा, लवकर सांगा काकूंना.