दोन बटणांची प्रेस

चाकणच्या प्रेसशॉपमध्ये, पत्रा दाबून भाग काढणाऱ्या मशीनवर, दीपमालाच्या डाव्या हाताची चार बोटं गेली, त्याला दोन वर्षं झाली. बोटांसाठी ती रडून मोकळी झाली होती. पण भरपाईच्या दाव्यात कंपनीनं कोर्टात लिहून दिलं, की बाईनंच घाईपायी मशीनचं एक बटण टेपनं बांधून ठेवलं होतं, चूक तिचीच. हे मात्र तिच्या घशाखाली उतरेना.

त्या प्रेसला दोन बटणं. दोन्ही हातांनी दोन्ही दाबली, तरच वरचा डाय, म्हणजे लोखंडी साचा, खाली येतो. म्हणजे हात आपोआप बाहेर राहतात. एक बांधलं, की एक हात मोकळा. मोकळा आणि उघडा.

तिच्या वकील चित्राताई तीन रविवार तिच्या निघोजे गावातल्या खोलीवर आल्या. पत्रा कुठून उचलायचा, पाय कुठं, मान कुठं? "पुन्हा करून दाखव गं."

"ताई, आमच्या लाईनवर भरती होता का काय?" दीपमालाचा नवरा समाधान म्हणाला.

"होते की. फर्स्ट शिफ्ट द्या. मला जाग लवकर येते."

दीपमाला हवेतल्या हवेत पीस काढत राहिली. उरलेला डावा पंजा, कुणी न सांगता, पुन्हापुन्हा आत जात होता. चित्राताई तेवढं बघून उठल्या.

पिंपरीच्या कोर्टात कंपनीच्या बाजूनं लाईन सुपरवायझर दिग्विजय साक्षीला उभा राहिला. "दोन्ही हातांनीच चालवतात सगळे. नियमच आहे," तो म्हणाला. पाठ केलेलं, पण नीट म्हटलेलं.

आता ताई कडाडतील, असं दीपमालाला वाटलं. ताईंचा आवाज तर सायीसारखा.

"तुम्ही स्वतः किती वर्षं प्रेस चालवली, दिग्विजयभाऊ?"

"अकरा."

"मग हात चांगलाच बसला असेल."

"डोळे झाकून चालवीन, मॅडम!"

"झाकू नका. समोर प्रेस आहे असं धरा आणि सलग दहा पीस काढून दाखवा."

"हे कोर्ट आहे, कारखाना नव्हे!" कंपनीचे वकील उठले.

"दाखवू द्या," न्यायाधीश म्हणाले. "मलाही कळेल."

पहिले दोन पीस दिग्विजयनं जपून काढले. दोन हात, दोन बटणं. तिसरा, चौथा. मग लय लागली. जात्यावरची बाई दाणे मोजत नाही, हात आपला आपण घास घालतो, तसं झालं. ठेव, दाब, काढ. ठेव, दाब, काढ. सातव्या पिसाला उजवा हात एकटाच दाबत होता आणि डावा डायखाली शिरला होता.

"भाऊ, हात काढा!"

दीपमाला ओरडली होती. आपल्याविरुद्ध साक्ष देणाऱ्या माणसासाठी.

दिग्विजयचा डावा हात हवेतच थांबलेला. दुसऱ्या एखाद्या वकिलानं तेवढ्यात झडप घातली असती. ताईंनी त्याला त्याचाच तो हात बघू दिला, पोटभर. मग विचारलं, "डावं बटण कुणी दाबलं, भाऊ?"

"बांधलेलं असतं, मॅडम." त्यानं हात खाली घेतला. "सगळ्याच मशीनींना. त्याबिगर टार्गेट निघत नाही. मीबी तसंच शिकलो."

"आणि दीपमालाच्या मशीनला टेप?"

तो ओठातल्या ओठात काहीतरी बोलला.

ताईंच्या हातात प्रश्नांनी भरलेला कागद होता. आणखी वीस घाव घालता आले असते. त्यांनी तो घडी करून फाइलमध्ये सारला आणि खाली बसल्या. कुठं थांबायचं हे कळणारा माणूस दीपमालानं पहिल्यांदाच पाहिला.

"मोठ्यानं सांगा," न्यायाधीश म्हणाले. "नोंद व्हायची आहे. टेप कुणी लावली?"

दिग्विजयनं कंपनीच्या वकिलांकडं पाहिलं नाही. दीपमालाकडं पाहिलं.

"मी," तो म्हणाला.