सासऱ्यांची पाठ

नत्थू मेश्राम रायपूरजवळच्या सिलतऱ्याच्या स्टील प्लांटमधून रिटायर झाले आणि वर्षभरातच त्यांची डावी बाजू लुळी पडली. मुलगा यशदीपने त्यांना शंकर नगरातल्या एका खासगी हॉस्पिटलात भरती केलं. त्याची बायको नीलिमा तिथेच सिस्टर होती, म्हणून घरचे निश्चिंत होते.

छत्तीसगड वेगळं राज्य झाल्यापासून रायपुरात अशी काचेची हॉस्पिटलं उभी राहत होती. पेशंटचं अंग पुसणं, कूस बदलणं हे सिस्टरनं करायचं नाही, त्यासाठी अटेंडंट ठेवलेत, असं मेट्रननं मीटिंगमध्ये सांगितलं होतं. नीलिमा विरोधात बोलली, तेव्हा नव्या पोरी तोंड दाबून हसल्या होत्या.

त्या आठवड्यात तिची ड्यूटी आयसीयूत होती. सवड काढून ती सासऱ्यांकडे गेली, तर खोलीत वास येत होता. तिनं त्यांना कुशीवर वळवलं. चादर ओली होती. माकडहाडावरची तळहाताएवढी कातडी सोलून निघाली होती. सुनेसमोर उघडं पडल्याच्या लाजेनं नत्थूंनी डोळे मिटून घेतले.

त्या मजल्यावरची सिस्टर अनुश्री कॉम्प्युटरवर बीपीचे आकडे भरत होती. बाबांना शेवटचं कोणी वळवलं, असं नीलिमानं विचारलं.

"दीदी, अटेंडंट छुट्टी पर है. ये हमारा काम नहीं है."

"मग तुझं काम कोणतं आहे?"

अनुश्री पुन्हा आकडे भरू लागली. नीलिमानं एकटीनं सासऱ्यांना स्वच्छ केलं, जखम बांधली, डॉक्टरांशी भांडून त्यांचा डिस्चार्ज घेतला आणि त्यांना घरी आणलं.

घरी यशदीपनं तिच्या हातात पाण्याचा ग्लास दिला. "बरं झालं," तो म्हणाला. "आता तूच कर बाबांचं. तुले तर सवय आहे."

नीलिमानं ग्लास खाली ठेवला. लग्न झाल्यापासून सासू शेवंता तिला ड्यूटीवरून आल्यावर आंघोळ केल्याशिवाय स्वयंपाकघरात येऊ देत नव्हती. आणि यशदीप मित्रांना सांगायचा, बायको हॉस्पिटलचं ऑफिस सांभाळते.

"इतकी वर्षं या हातांची तुम्हाले लाज वाटत होती," ती म्हणाली. "आता हेच हात काहून चालून राहिले तुम्हाले? बाप तुमचा आहे. या इकडे."

बाप्या माणसाला हे जमत नाही, असं शेवंता पुटपुटली. नीलिमा तिच्याकडे वळली. "वॉर्डातला एकही म्हातारा माझा बाप नाही, आई. तरी मी करते."

यशदीप पलंगाशी आला. त्याचा हात चुकीच्या जागी पडला, नत्थू कण्हले. नीलिमानं मदत केली नाही. खांदा धरा, मग कंबर, हळू, एवढंच ती कोरडेपणानं सांगत राहिली. मध्येच तो बाहेर जाऊन ओकला. तो परत येईपर्यंत ती म्हाताऱ्याला कुशीवर धरून थांबली. शेवंतानं न सांगता कोमट पाणी आणून ठेवलं.

जखम भरायला तीन महिने लागले. यशदीप सगळं शिकला, पण नीलिमाशी कितीतरी दिवस धड बोलला नाही. तिनंही त्याची मनधरणी केली नाही.

हॉस्पिटलात तिनं मेट्रनला सांगितलं, माझ्या शिफ्टमधल्या सिस्टर पेशंटची कूस बदलतील, पटत नसेल तर मला काढा. मेट्रननं काढलं नाही. यंदा नीलिमाला मिळायचं इनचार्जपद मात्र तिनं अनुश्रीला दिलं. पहिल्याच सकाळी अनुश्रीनं नीलिमाला कॉम्प्युटरवर बसायला सांगितलं. नीलिमानं हातमोजे चढवले आणि कोपऱ्यातल्या बेडवरच्या बाईचं पांघरूण बाजूला केलं.