सत्काराची चादर

मित्रांनो, मी एक जुनी सोलापुरी चादर आहे. जुनी वयानं, वापरानं कोरीच. मागावरून उतरले ती थेट प्लास्टिकच्या पिशवीत गेले. वैरागला एका मुख्याध्यापकांचा निरोप, नातेपुत्याला एका सरपंचांचा सत्कार, असं करत पुन्हा सोलापुरात आले. जो घेई तो पुढच्याला देई. नारळ बदलत गेले, मी तीच.

शेवटी जुळे सोलापूर भागातल्या यशवंतरावांना निवृत्तीच्या सत्कारात मिळाले. त्यांच्या पत्नी नागूबाईंनी मला भाचीच्या लग्नासाठी कपाटात ठेवलं.

मग त्यांच्या लेकीनं, बुद्धप्रियानं, गडावर जायचा बेत काढला. सोबत यशवंतरावांचे कचेरीतले मित्र धनाजी. नागूबाईंनी कडक भाकरी, शेंगाचटणी आणि नाइलाजानं मला दिलं. "अगदीच लागली तर उघडा," म्हणाल्या.

रात्री गडावरच्या गुहेत तिघं कुडकुडत बसले.

"यशवंतराव, चादर हाय की," धनाजी म्हणाले.

"ती द्यायची आहे."

सकाळी उतरताना बुद्धप्रियाचा पाय दगडांत अडकला. घोटा सुजला, टेकवेना. फोनला रेंज नाही. पुढं एकाच माणसापुरती वाट, खाली दरी, आणि दरीतून धुकं वर येत होतं. धनाजींनी कठड्याचा निखळलेला पाइप शोधून आणला.

"झोळी करू. चादर अस्सल हाय न्हवं?"

"सत्कारात मिळालीय."

धनाजींनी पिशवीवरूनच मला साशंकपणे चाचपलं.

"पप्पा, दुसरं काही आहे का?" बुद्धप्रियानं विचारलं.

"नाही गं."

"मग फाडा की पिशवी."

पिशवी फाटली. माझ्यावर 'अस्सल' अशी चिठ्ठी होती. पण सत्काराच्या भाषणातही माणसाबद्दल बरंच काही असतं. मी कशाची आहे ते मलाही ठाऊक नव्हतं. आजवर कुणी ओढून पाहिलंच नव्हतं.

गाठी आवळल्या. लेकीचं सगळं ओझं माझ्यावर आलं आणि दोघे पाइप खांद्यावर घेऊन चालू लागले. अरुंद वाटेवर माझा एक धागा तुटला. मग दुसरा.

"कसला आवाज?" पुढून यशवंतरावांनी विचारलं.

"माझा बूट उसवलाय. तुमी बगू नका, चला."

धनाजींचे बूट धडधाकट होते. मी उरलेले धागे आवळून धरले. पायथ्याच्या देवळाच्या पायरीवर त्यांनी तिला टेकवली, तेव्हा कुठं माझा कोपरा फाटून धनाजींच्या हातात राहिला.

घरी नागूबाईंनी मला धुतलं. फाटलेल्या कडेवरून बोट फिरवलं.

"आता कुणाला देता यायची नाही," म्हणाल्या, आणि प्लास्टरातल्या लेकीच्या अंगावर मला पांघरलं.

मित्रांनो, तुमच्याही कपाटात माझ्या बहिणी असतील. घरातलं कुणी गारठायच्या आधी त्यांना उघडा. त्या अस्सल आहेत की नाहीत, हे निदान त्यांना तरी कळू द्या.